पहिल्या नंबरचा ब्लॉग

2008 च्या नोव्हेंबरात गूगलने सर्चविकी नावाचा एक प्रकार आणला होता, आठवतोय का कोणाला? लॉगिन करून सर्च केलं की प्रत्येक रिझल्टशेजारी एक वर जाणारा बाण, एक फुली आणि नोट लिहायला एक छोटा फुगा. तेव्हा माझा मिसळीवर एक ब्लॉग होता. 'पुणे मिसळ' सर्च केलं तर तो पार चौथ्या पानावर, म्हणजे तिथे मी सोडून कोणी फिरकणं शक्यच नाही. बाण दाबला आणि काय सांगू, टुणकन उडी मारून सगळ्यात वर! मग हात शिवशिवले, दोन-तीन हॉटेलांवर फुल्या मारल्या, तीपण गायब. म्हटलं ही काय सत्ता आली राव हातात.

लगेच सांगलीला मामाला फोन. "मामा, आपला ब्लॉग गूगलवर पहिला आलाय!"

पाच मिनिटांनी त्याचाच फोन. "बाळ्या, सातवं पान चालू आहे, चष्मा लावून बघतोय, तू कुठेच नाहीस."

नंतर कळलं की हे वर-खाली करणं फक्त आपल्यालाच दिसतं, जगाला त्याचा पत्ताच नसतो. पण नोटचं बरोब्बर उलटं, ती खुशाल सगळ्यांना दिसायची आणि हे कळेपर्यंत मी माझ्याच ब्लॉगखाली "अप्रतिम लेखन! लेखकाला मिसळीची उत्तम जाण" असं टाकून बसलो होतो, तेही स्वतःच्याच नावाने. मामा कसला सोडतोय. त्याने अकाउंट काढलं आणि खाली लिहिलं, "लेखक माझा भाचा आहे. घरी कांदासुद्धा चिरत नाही."

2010 च्या मार्चमध्ये सर्चविकी गेलं, त्याजागी नुसता स्टार आला, मामाची नोट गेली, सुटलो.

दिवाळीला मामा आला आणि मुद्दाम माझ्या कॉम्प्युटरवर, मला लॉगआउट करायला लावून, सर्च केलं. ब्लॉग पहिला! मीच चाट. झालं होतं असं की 2009 च्या डिसेंबरपासून लॉगिन नसलं तरी त्या ब्राउझरवर मागच्या 180 दिवसांत काय शोधलं, कशावर क्लिक केलं त्यावरून रिझल्ट लागायला लागले होते, आणि मी रोज सकाळी चहा घेत स्वतःच्याच ब्लॉगवर क्लिक करत होतो.

मामाने हिस्टरी उघडली, वरून खालपर्यंत बघितली, आणि चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "कॉम्प्युटर तरी काय करणार बिचारा, तुझ्या घरचं मीठ खातोय."