जुन्या गाडीला 'योग्य' भाव मिळवायचाय? मग एवढं कराच

पहिली गोष्ट, जुनी गाडी एक्स्चेंजला देऊन नवी घ्यायची तर शोरूमला एकटं जायचं नाही. रविवारी संध्याकाळी अख्खं घर घेऊन जा. पोरांना नव्या गाडीत बसवा, सनरूफ उघडून त्यातून मुंडकी बाहेर काढून फोटो घ्या, ते तिथूनच फॅमिली ग्रुपवर टाका, आणि काका-मामांचे अंगठे यायला लागले की सेल्सच्या पोराला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "रंग हाच फायनल हं, आणि दसऱ्याला गाडी दारात पाहिजे म्हणजे पाहिजे, आईची इच्छा आहे." एवढं सगळं झालं की मग सहज आठवल्यासारखं विचारा, "बरं, आमच्या जुनीचं काय येईल?"

हा क्रम चुकवायचा नाही. काही खडूस लोक उलटं करतात, आधी बाहेर दोन-तीन डीलरना गाडी दाखवतात, ऑनलाइनवाल्यांना घरी बोलावून फुकटात इन्स्पेक्शन करून घेतात आणि त्यांच्या ऑफरचे स्क्रीनशॉट खिशात ठेवून मग शोरूमची पायरी चढतात. शोभतं का हे? घासाघीस कोथिंबिरीच्या जुडीपुरती ठीक आहे, तीन-चार लाखांच्या व्यवहारात कुठं तोंड वाईट करायचं.

आता इव्हॅल्युएटर, म्हणजे जुनीची किंमत ठरवणारा माणूस, येईल. त्याच्या हातात पेंटची जाडी मोजायचं मशीन असतं आणि चेहऱ्यावर सुतक. तो बॉनेट उघडेल, डिकी उघडेल, टायरवर नख फिरवेल, सोसायटीच्या खांबाला घासलेल्या दरवाजापाशी बराच वेळ उभा राहील आणि म्हणेल, "पॅनल रिपेंट आहे सर, अ‍ॅक्सिडेंटलमध्ये धरावी लागेल." तुम्ही मान खाली घाला. रिपेंट वेगळं, पिलर किंवा चासी म्हणजे गाडीचा सांगाडाच ठोकलेली गाडी वेगळी, असलं काही बोलू नका. सर्व्हिस हिस्ट्रीची फाईल तर घरीच विसरा, उगाच गाडी नीट सांभाळलीय हे कळलं तर त्याची पंचाईत होते. आणि त्याने टॅबमध्ये काय भरलं ते बघायला मागू नका, त्याचं ते खासगी आहे.

तुमची गाडी २०१७ ची डिझेल स्विफ्ट असेल तर मग बघायलाच नको. "मारुतीने डिझेल २०२० मध्ये बंदच केलं ना सर, कोण घेणार आता," असं तो म्हणेल, मग जरा थांबून, "आणि दिल्लीत डिझेलला दहा वर्षांचा नियम आहे." आता गाडी एमएच-१२ ची, म्हणजे पुण्याची, ती आयुष्यात कधी खंबाटकीच्या पलीकडे फार गेलेली नाही, आपल्याकडे रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं आणि नंतर फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं, हे सगळं खरं असलं तरी दिल्ली देशाची राजधानी आहे, तिचा मान म्हणून तीस-चाळीस हजार सोडायला काय हरकत आहे? एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली नसेल तर त्याचे आणखी पाच हजार कापू द्या. ती प्लेट चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटीमध्ये बसते, पण एवढे हिशोब शोरूममध्ये करत बसलं की शेजारच्या टेबलवरचे लोक बघतात.

मग जीएसटी निघेल. "जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी झालाय सर, तो आमच्याच डोक्यावर." जानेवारी २०२५ पासून १८ टक्के झालाय हे खरंच आहे, फक्त डीलरला तो गाडीच्या अख्ख्या किमतीवर भरावा लागत नाही, त्याच्या मार्जिनवर भरावा लागतो. म्हणजे ३ लाखाला घेऊन साडेतीनला विकली तर मधल्या ५० हजारांवर, ९ हजार रुपये. तुम्ही मात्र मनातल्या मनात ३ लाखांचे १८ टक्के काढा आणि त्या बिचाऱ्याची कीव करा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्याने नव्या गाड्या उतरल्या आणि जुन्यांचे रेटही खाली ओढले गेले, हे मात्र तो खरं सांगतो. एक खरं मध्ये घातलं की बाकीचं पचतं, असो.

आता येतो विजयाचा क्षण. समजा त्याने जुनीचे ३ लाख ४० हजार सांगितले. नवीवर वेगळा कॅश डिस्काउंट ४० हजार, आणि जुनी काढून नवी घेतल्याबद्दल कंपनीचा एक्स्चेंज बोनस २५ हजार. तुम्ही टेबलवर हात आपटून म्हणा, "चारच्या खाली बोलूच नका." तो म्हणेल, "मॅनेजर सरांशी बोलून येतो." काचेच्या केबिनमध्ये दोघं बोलताना दिसतील (बहुतेक जेवणाचं बोलत असतात), मग सर स्वतः बाहेर येतील, तुमचं आडनाव घेऊन हात मिळवतील आणि म्हणतील, "तुमच्यासाठी म्हणून, जुनीचे ३ लाख ९०, सगळं धरून." पन्नास हजार वाढवले! घरच्यांकडे विजयी मुद्रेने बघा. "सगळं धरून" म्हणजे काय ते विचारू नका, कारण आधीचे तीन आकडे मिळून ४ लाख ५ हजार होत होते. पैसा त्यांच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आणि जाता जाता १५ हजार गळाले, पण जुनीचा भाव वाढवून घेतल्याचा आनंद कुठल्या आकड्यात मोजणार? नव्या गाडीचा रेट आधी लेखी घ्यायचा आणि जुनीचं नंतर स्वतंत्र बोलायचं हा प्रकार रसिक माणसाचा नाही. बऱ्याच स्कीममध्ये गाडी बाहेर विकून ट्रान्स्फर झालेली आरसी दाखवली तरी एक्स्चेंज बोनस मिळतो, तेही विचारू नका, सर दुखावतील.

त्याच भरात इन्शुरन्स शोरूमचाच घ्या. जुन्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो, पाच वर्षं क्लेम केला नसेल तर ५० टक्के, आणि विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर चालतो. पण इतक्या वर्षांची सोबत संपताना गाडीला काहीतरी निरोपाचं द्यायला नको का? राहू द्या तिच्यासोबत.

कागदांचं तर अगदी सोपं आहे. मालकी ट्रान्स्फरच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर, जिथं जिथं पेन्सिलची फुली असेल तिथं, सह्या करत सुटा. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. २०२३ पासून अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याचं फॉर्म २९सी ऑनलाइन भरून आरटीओला कळवायची सोय झालीय, ते झालं की गाडीची जबाबदारी डीलरवर जाते, म्हणून तर त्याची कॉपी मागायची नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे गाडी देऊनसुद्धा मालकी तुमचीच, असा एक्स्चेंज जगात कुठं मिळणार? फास्टॅगही काचेवरच ठेवा. रात्री अडीच वाजता खेड शिवापूरचा टोल कटल्याचा मेसेज आला की गाडी सुखरूप आहे हे कळतं, आणि अधूनमधून ई-चलन आलं की ती किती स्पीडने पळतेय तेही.

डिलिव्हरीच्या दिवशी पुठ्ठ्याची मोठ्ठी चावी हातात धरून फोटो काढा, केक कापा, नारळ फोडा. आठवड्याभराने मोबाईलवर जाहिरात दिसेल, तीच स्विफ्ट, पॉलिश मारलेली, "फर्स्ट ओनर, लेडी ड्रिव्हन, नॉन अ‍ॅक्सिडेंटल, महाराष्ट्रात डिझेलला तोड नाही", ५ लाख १० हजार. चिडू नका. फारच राहवलं नाही तर फोन लावून शेवटचे किती विचारा, तो अगदी प्रेमाने सांगेल, "या ना सर गाडी बघायला, आणि येताना सध्याची घेऊन या, एक्स्चेंजला बघू काय येतंय."