‘एक शिरोलीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार शिरोलीकर,

खरं नाव तुम्ही दिलं नाहीत, तेव्हा याच नावानं लिहिते. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कारखान्यांना मिळणारी हवाविषयक संमतीपत्रं, चिमण्यांतल्या धुराचे नमुने आणि अटींचं पालन या कामात पर्यावरण अभियंत्याचं करिअर कसं घडतं, यावर मी लिहिलं होतं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती जशीच्या तशी देते:

“मॅडम, एसी केबिनमध्ये बसून पोरांना स्वप्नं विकू नका. सॅम्पलच्या दिवशी भट्टी सावकाश चालवायची, रिपोर्ट गोड आणायचा, संमतीपत्र फायलीला लावायचं, एवढंच तुम्हा लोकांचं काम. पगार कारखानदार देतो, मग बाजू कुणाची घेणार? चिमणी ३० मीटर असं सरसकट ठोकून दिलंय, कपोलाचा नियम वेगळा असतो हेही माहीत नाही? आणि एवढे इंजिनिअर असून कोल्हापूर प्रदूषित शहरांच्या यादीत कसं?”

टीकेला माझी हरकत नाही. या कामात सगळ्यांचीच बोलणी खावी लागतात. मालक म्हणतो तुम्ही मंडळाची माणसं, मंडळ म्हणतं तुम्ही मालकाची, आणि गावकरी म्हणतात दोघांची. पण ‘तुम्हा लोकांचं’ म्हणून एका फटक्यात सगळ्यांना चोर ठरवायचं आणि वर ‘मॅडम’ लावून आदर दाखवायचा, ही कुठली रीत? माझ्या जागी पुरुष असता तर त्याला एसी केबिन चिकटवली असतीत का? मला तरी तसं वाटत नाही.

केबिनचं आधी मिटवू. कोल्हापूरच्या केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पर्यावरण अभियांत्रिकी करून मी बाहेर पडले आणि एका खासगी प्रयोगशाळेत फील्डवर लागले. फील्ड म्हणजे कोल्हापूरभोवतीच्या औद्योगिक वसाहती: गोकुळ शिरगाव, तुमची शिरोली, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, आणि ऊस हंगाम सुरू झाला की कागल-शिरोळ पट्ट्यातले साखर कारखाने. चिमणीला बाहेरून उभी लोखंडी शिडी असते. खांद्याला दोर, वर कप्पी, आणि दहा-बारा किलोची पेटी हातानं ओढून घ्यायची. वर प्लॅटफॉर्म चिमणीभोवती जेमतेम माणूस फिरेल एवढा. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, बॉयलरवर काम झालं की केसांत, कानांत, पापण्यांत राख. खाली बाईसाठी हात-तोंड धुवायची जागा असलीच तर ऑफिसच्या मागे, तीही कुलपात. कित्येक वर्षं मी हेच केलं. वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला होते. ओतलेल्या मालावरची वाळू झाडायची, कडा घासायच्या, आणि ती धूळ दिवसभर छातीत घ्यायची. घरी आल्यावर त्यांचा रुमाल धुवायला माझी आई वेगळी बादली ठेवायची. हवेतल्या धुळीशी माझी ओळख पुस्तकातून झालेली नाही. कृपा करून हे मला शिकवू नका.

कपोलाच्या, म्हणजे फौंड्रीतल्या लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, चिमणीबद्दल तुमचं बरोबर आहे. मोठ्या बॉयलरची चिमणी किमान ३० मीटर, हा नियम मी मोघम लिहिला. कपोलाला चार्जिंग डोअरच्या (माल टाकायच्या दाराच्या) वर भट्टीच्या व्यासाच्या सहापट चिमणी लागते. लेखात ते वाक्य दुरुस्त केलंय. नम्रपणे सांगितलं असतंत तरी केलं असतं.

आता तुमचं मुख्य वाक्य: सॅम्पलच्या दिवशी भट्टी सावकाश चालवायची आणि रिपोर्ट गोड आणायचा. यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण हे वाक्य पानटपरीवर सगळेच बोलतात आणि बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी नमुना घेताना पाहिलेला असतो.

कपोला म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, की नॉब फिरवला आणि ज्योत बारीक झाली. खाली कोकचा थर पेटवायचा, वरून कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडीचे थर टाकत जायचे, आणि ब्लोअरनं हवा मारायची. ब्लोअर मंद केला की कोक नीट जळत नाही, लोखंडाचं तापमान उतरतं. थंड लोखंड साच्याच्या बारीक कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, कास्टिंग अर्धवट भरतं, त्या हीटचा, म्हणजे त्या वेळी वितळवलेला, माल भंगारात. सॅम्पलसाठी एक अख्खी हीट वाया घालवणारा मालक शिरोलीत असेल तर मला दाखवा. कोल्हापूरचा फौंड्रीवाला कोकच्या किलोकिलोचा हिशेब ठेवतो.

दुसरं म्हणजे, नमुना घेणाऱ्यानं भट्टीचा भार लिहायचा असतो. तासाला किती टन वितळतंय, किती चार्ज पडले, ब्लोअर कुठल्या दाबावर आहे. हे सगळं फील्ड शीटवर येतं. तासाला तीन टनांपेक्षा कमी क्षमतेच्या कपोलाला धुळीची मर्यादा घनमीटरला ४५० मिलिग्रॅम आणि तीन टन वा त्याहून मोठ्याला १५०. म्हणजे क्षमता किती दाखवली यावरच मर्यादा बदलते. ज्याला फसवायचंय तो भट्टी सावकाश चालवत बसत नाही, तो क्षमता कमी लिहितो. तुम्ही हे विचारलं असतंत तर मी तुम्हाला दाद दिली असती. पण तुम्ही ऐकीव विचारलंत.

आणि नमुना हा काही नळी आत घालून धूर बाटलीत भरण्याचा प्रकार नाही. धुराचा वेग आधी पिटो ट्यूबनं मोजायचा. मग नळीच्या टोकाशी धूर बरोबर त्याच वेगानं ओढायचा. पंप जोरात ओढला तर बाजूचा धूर वळून नळीत येतो पण जड कण वळत नाहीत, सरळ निघून जातात, आणि आकडा खोटा कमी दिसतो. हळू ओढला तर उलटं, आकडा खोटा फुगतो. चिमणीत एका जागी नाही, आडव्या रेषेवर ठरलेल्या ठिकाणांवर नळी सरकवत जायची. मोजायचं छिद्रसुद्धा कुठंही नसतं, खालच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट वर आणि वरच्या तोंडापासून दुप्पट खाली असावं लागतं. धूळ अडकते ती थिंबलमध्ये, म्हणजे गाळणीच्या छोट्या नळकांड्यात. ते थिंबल आधी ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओल न लागणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोललेलं असतं, आणि नंतर पुन्हा तसंच तोलतात. या प्रत्येक पायरीवर चूक करता येते, आणि प्रत्येक पायरीची चूक ओळखताही येते. शीटवरचा वेग, तापमान आणि पंपाचं वाचन एकमेकांशी जुळत नसेल तर ते शीट बनवलेलं आहे. हवा मिसळून धूर पातळ करायचा म्हणाल, तर लहान बॉयलरच्या मानकात आकडा १२ टक्के कार्बन डायऑक्साइड धरून काढायची दुरुस्ती त्यासाठीच आहे. पातळ करा, गणितात तो परत घट्ट होतो.

आम्ही फोन करून, वेळ ठरवून जातो असं तुम्हाला सुचवायचं असेल, तर खासगी प्रयोगशाळेचा नमुना तसाच असतो, कारण कारखान्यानं स्वतः बोलावलेलं असतं. मंडळाचा नमुना वेगळा. १९८१ च्या वायू कायद्यातल्या २६व्या कलमाप्रमाणे नोटीस जागेवरच द्यायची, मालकाच्या समोर नमुना घ्यायचा, दोघांच्या सह्यांनी सील करायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. आधी कळवा असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. कोर्टात उभा राहतो तो हा नमुना. दोन्ही एकाच गोणीत भरून तुम्ही टीका करता, मग कुणाला काय उत्तर द्यायचं?

खरी लबाडी कुठं होते ते मी सांगते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिलीये. एका फौंड्रीत बॅग फिल्टर, म्हणजे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांचं यंत्र, होता, चांगला महागडा. त्यावर दाबातला फरक दाखवणारं मीटर असतं. पिशव्या स्वच्छ असतील तर फरक कमी, धूळ साचली की वाढतो, पिशवी फाटली तर घटतो, आणि पंखा बंद असेल तर जवळजवळ शून्य. रोज शिफ्टला ते वाचन रजिस्टरमध्ये लिहायचं. मी रजिस्टर उघडलं तर महिनाभर एकच आकडा, एकाच पेनानं, एकाच अक्षरात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही तोच, भट्टी बंद असताना. मीटरपाशी गेले तर काच आतून धुळीनं आंधळी झालेली, आणि नळी निखळून लोंबकळत होती. रात्री विजेचं बिल वाचवायला पंखा बंद ठेवत होते. अशा वेळी चिमणीचा नमुना कितीही प्रामाणिक घ्या, तो दिवसाचा असतो.

मालकाला मी तोंडावर सांगितलं. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत जे पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं, ते या रजिस्टरच्या आधारावर मी तयार करून देणार नाही म्हणाले. काम गेलं. त्या महिन्यात मुलाची फी भरायची होती, तरी गेलं. आता बोला, मी कुणाची बाजू घेते? पगार कोण देतो, हा तुमचा तिसरा मुद्दा, त्याचं उत्तर यात आलं असं मी धरते. डॉक्टरला पैसे रोगीच देतो, म्हणून डॉक्टर रोगाची बाजू घेतो असं कुणी म्हणत नाही.

प्रदूषित शहरांच्या यादीचं थोडक्यात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यातल्या महाराष्ट्राच्या शहरांत कोल्हापूर आहे, हे खरं. पण ती यादी शहराच्या हवेवरून ठरते. पीएम १० ची (हवेतल्या बारीक धुळीची) वर्षाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, हे २००९ चं मानक. त्या सरासरीत महाद्वार रोडवरच्या गाड्या, उकरून ठेवलेले रस्ते, बांधकामाची वाळू, पेटवलेला कचरा, सगळं येतं. त्याचा जाब चिमणीवर चढणाऱ्या माणसाला विचारायचा असेल तर विचारा, पण महापालिकेच्या दारातही जरा जाऊन या.

उलट तुम्हाला राग यायलाच हवा होता अशी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं वायू कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांचा तुरुंगवास काढून टाकला आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. खटला चालवून शिक्षा क्वचितच व्हायची, हे मान्य. पण तुरुंगाचं कलम दाखवून मी कितीतरी मालकांकडून स्क्रबरचा (धूर पाण्यानं धुणाऱ्या यंत्राचा) पंप त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतलाय. आता तोच मालक दंडाचा आकडा आणि पंपाची किंमत शेजारी मांडून बघतो. माझ्यासारख्यांच्या हातातलं एक हत्यार गेलं. लढायचंच असेल तर इथं लढू या, मी तुमच्या बरोबर येते.

बाकी ‘ठोकून दिलंय’, ‘स्वप्नं विकू नका’ वगैरेला मी उत्तर देत नाही. भाषा सांभाळलीत तर पुढची प्रतिक्रियाही राहील. नाहीतर काढून टाकीन, आणि त्याला कुणी गळचेपी म्हणालं तरी चालेल.

तुमच्या प्रतिक्रियेखाली शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय, “मॅम, मग या क्षेत्रात येऊ की नको?” तुमच्या एका वाक्यानं ती घाबरली, हे मला सगळ्यात जास्त लागलं. तिला सांगते.

बाळ, ये. पण पहिली नोकरी फायलींची घेऊ नकोस, नमुन्याच्या गाडीत जागा माग. उंचीची भीती वाटली तर वाटू दे, हार्नेस लावल्याशिवाय मात्र शिडीला हात लावायचा नाही, साहेब कितीही घाई करो. संमतीपत्र हातात आलं की पहिलं पान वाचून थांबू नकोस. अटींमध्ये इंधन कोणतं, दिवसाला किती, चिमणी किती, धूळ अडवायला काय बसवलंय हे लिहिलेलं असतं. ते घेऊन गोडाऊनमध्ये जा आणि कोकच्या पावत्यांशी ताडून बघ. अर्ज केल्यापासून ठरलेल्या मुदतीत मंडळानं हो किंवा नाही सांगायचं असतं, म्हणून संमतीपत्राच्या तारखा मालकाच्या नाही, तुझ्या डायरीत हव्यात. ऊस हंगामात घरच्यांना सांगून ठेव की मार्चपर्यंत रविवार नाही. पगाराचं विचारायचं असेल तर इथं नको, मला मेल कर, खरा आकडा सांगते.