आयसीयूत एआय बसवताना घ्यायची काळजी (रुग्णाची नव्हे)

तब्येत बिघडायच्या आधीच इशारा देणारं मशीन तुमच्या आयसीयूत बसवताय? अभिनंदन! आमच्या आत्याला नुकतंच अशाच एका अत्याधुनिक आयसीयूत ठेवलं होतं. तेव्हा हक्काने चार सूचना करतो.

आधी फ्लेक्स लावा. मशीन मागाहून आलं तरी चालतं. फ्लेक्सवर निळा मेंदू हवा आणि फीत कापायला आमदार.

विक्रेत्याला खोलात जाऊन काही विचारू नका. उगाच कुणीतरी अमेरिकेतल्या मिशिगनचं काढतं. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात ‘एपिक’ कंपनीचं सेप्सिस (म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) आधी ओळखणारं मॉडेल तपासलं, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याच्या नजरेतून सुटले होते, आणि दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर ते वाजलं होतं. शिवाय डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय का, हाही त्या मॉडेलच्या गणितातला एक घटक. म्हणजे डॉक्टरांना शंका आली की मशीनलाही येणार! असलं काही खरेदीच्या मीटिंगमध्ये बोलू नये, चहा गार होतो.

‘आपल्याकडच्या पेशंटवर हे तपासलंय का?’ असं विचारणाऱ्या डॉक्टरला पुढच्या मीटिंगला बोलवू नका.

बिलात ‘ॲडव्हान्स्ड मॉनिटरिंग’ची ओळ वेगळी घाला.

आता मुख्य मुद्दा, अलार्म. वाजला की बंद करायचा, एवढंच. याला शास्त्रीय आधारही आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच आयसीयूंमधल्या ७७ खाटांवर मॉनिटरांनी ३१ दिवसांत पंचवीस लाखांहून जास्त इशारे दिले. त्यातले कानांवर आदळणारे म्हणाल, तर खाटेमागे रोज १८७. हृदयाच्या ठोक्यांबद्दलचे जे अलार्म तपासले, त्यातले जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. हा अभ्यास २०१४ चा. एवढ्या कलकलाटात तुम्ही आणखी एक मशीन आणून ठेवता, जे काही व्हायच्या आधीच ओरडतं. मग सिस्टर ते सायलेंटवर टाकेल नाही तर काय करेल?

भेटीच्या वेळेत मी आत्यापाशी उभा होतो. स्क्रीनवर लाल पट्टी आली. सिस्टर पलीकडच्या व्हेंटिलेटरवरच्या आजोबांचं सक्शन करत होत्या. एकट्याच. म्हटलं, “सिस्टर, हे लाल झालंय.” त्या म्हणाल्या, “दादा, ते सारखंच होतं. हात मोकळा झाला की बघते.” रेसिडेंट डॉक्टरांना गाठलं, तर म्हणाले, “नवीन आहे ते. कंपनीचा माणूस येणारे.” कंपनीचा माणूस! आत्याचं बीपी काय कंपनीचा माणूस बघणार? तेवढ्यात सुपरवायझर बाई आल्या आणि वेळ संपली म्हणून त्यांनी मलाच बाहेर काढलं. बाहेर टेकतोय न टेकतोय, तर काउंटरवरून फोन, “डिपॉझिट संपत आलंय, भरून टाका.” हा अंदाज मात्र त्यांचा एकदाही चुकला नाही. संपायच्या आत यायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत वाजत राहायचा.

आत्या घरी आली. मशीनवर माझा राग नाहीच. अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पाच रुग्णालयांतला २०२२ चा अभ्यास आहे. सेप्सिसचा इशारा आल्यावर तीन तासांच्या आत डॉक्टरांनी तो बघून खरा धरला, त्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी दिसले. बघितला तेव्हा! बघायला माणूस लागतो हो, आणि माणसालाच तर तुम्ही काट मारलीत.

मशीनला पैसे आहेत आणि सिस्टरच्या पगाराला नाहीत? कालपरवा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या पोरीच्या गळ्यात चार-चार खाटा बांधायच्या, बारा-बारा तास उभं करायचं, आणि पेशंटचं काही बरंवाईट झालं की मेमो तिलाच. वर ‘सिस्टीमने अलर्ट दिला होता’ असं म्हणून हात झटकायला तुम्ही मोकळे. लाजा वाटू द्या जरा. रात्री दोन वाजता लाल पट्टी आली तर कोणी यायचं आणि किती मिनिटांत यायचं, ते नावानिशी ड्युटी चार्टवर लिहा आणि बाहेर नातेवाईकांना दिसेल असं लावा. लिहायला नावच नसेल तर ते मशीन परत पाठवा आणि त्या पैशांत आधी सिस्टर भरा.