सोळाचा नट

सगळं माझ्या पँटच्या खिशामुळं झालं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, आणि क्वालिटीवाल्याच्या खिशात संध्याकाळी काय निघेल याचा नेम नसतो. वॉशर, ओ-रिंग, रिजेक्ट मालाचा लाल टॅग, कँटीनचं कूपन. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सोळाचा नट निघाला, सोळा मिलिमीटरच्या बोल्टला बसतो तो. म्हणजे मी काढला नाही, वॉशिंग मशीननं काढला. मशीन अर्धा तास खडखडत होतं, बायको त्याच्याही वर. कपडे वाळत घालताना नट फरशीवर पडला. टुण्ण!

आमची कन्या तेव्हा सोळा महिन्यांची. सोळा महिन्यांची पोरगी नि सोळाचा नट, पत्रिका जुळायला आणखी काय लागतं? तिनं तो उचलला, भोकात तर्जनी घातली, अंगठीसारखा फिरवून पाहिला, पुन्हा फरशीवर आपटला. टुण्ण. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू." मला वाटलं मलाच हाक मारतेय. मी विरघळलो. दोन दिवसांनी कळलं की ते नटाचं नाव होतं.

त्या रात्री ती नट मुठीत धरून झोपली. मुठीत तेलाचा काळा डाग, गालावर षटकोनी ठसा. काय सुंदर दिसत होती! मी फोटो काढला. सोमवारी लसीला गेलो तेव्हा कौतुकानं डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "या वयात श्वासनलिका हिच्या करंगळीएवढी असते. तुमचा नट केवढा?"

"चोवीसचा पाना लागतो सर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम सत्तावीस."

"मिलिमीटर?"

"मिलिमीटर."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की वाटलं, आता लाल टॅग माझ्याच गळ्यात पडणार.

त्यांनीच मग सांगितलं, खेळण्यांच्या तपासणीत एक छोटं नळकांडं वापरतात. आतला व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1. जी वस्तू त्यात न दाबता पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात द्यायची नाही. परदेशात लोक घरच्या घरी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या रोलात वस्तू घालून अंदाज घेतात म्हणे. आमच्या सिडकोत तो रोल कुणाच्या घरी असणार! पण माझ्या डोक्यात दिवा लागला होता. हे तर सरळसरळ गो-नो गो गेज झालं, वस्तू आत जाते की नाही एवढंच सांगणारं माप. आयुष्यभर आम्ही दुसरं करतो काय?

मंगळवारी टर्नरमामांकडं गेलो. त्यांनी नायलॉनचा तुकडा चकात धरला नि विचारलं, "लिमिट किती? मापात फरक किती चालेल?"

"मामा, पोरगी एकच आहे. लिमिट झीरो."

"तळ तिरका कशाला पण?"

"घशासारखा."

मामांनी लेथ बंद केला. त्यांची नात दोन वर्षांची आहे. "मग दोन करतो," म्हणाले.

गेज घरी आलं आणि घराचं इन्स्पेक्शन सुरू झालं. दहाचं नाणं 27 मिलिमीटर, आत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, नाणी पाडत नाहीत, याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं. शर्टाचं बटण, पेनाचं टोपण, सुपारी, चिंचोका, फ्रिजवरचं आंब्याचं मॅग्नेट, सगळं आत. कुकरची शिट्टी वर थोडी डोकावत राहिली, तिला संशयाचा फायदा दिला. वजनकाट्यातला चपटा सेल काढला. त्यावर 2032 लिहिलेलं असतं, ते मॉडेलचं नाव नसून माप आहे. वीस मिलिमीटर व्यास, 3.2 जाडी. हा मात्र थट्टेचा विषय नाही. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यात त्याचा करंट चालू होतो, तिथं अल्कली तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजून निघू शकतं. घरातले असले सगळे सेल मी शोधले. गाडीची किल्ली, वजनकाटा, देवापुढची लुकलुकणारी पणती, गाणं म्हणणारं बदक. ज्यांच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नव्हता, ती वस्तू माळ्यावर गेली. बदकाचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

मग मी देव्हाऱ्याकडं वळलो.

"अरे, तू बाळकृष्ण नळीत घालतोयस?" आई मागून किंचाळली.

"आई, बघ, पूर्ण आत गेला."

"जाणारच! तो सगळीकडं जातो! काढ बाहेर त्याला!"

शाळिग्रामही आत गेला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. देव्हाऱ्याला फक्त दार बसवलं. आईचं म्हणणं, "आम्ही काय नळ्या घेऊन पोरं वाढवली?" मी काही बोललो नाही. मी लहानपणी चारआणे गिळले होते, आणि ते परत मिळेपर्यंत दोन दिवस याच बाईनं कोणती तपासणी केली होती, हे ती विसरली असली तरी मी विसरलेलो नाही.

पण खरा तमाशा दिंडोरीला झाला. सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. हंगामात गेलं की समोर शरद जातीच्या द्राक्षांचा घड आणि पहिला मणी नातीच्या तोंडात, हा तिथला रिवाज. मी मध्ये पडलो. द्राक्ष म्हणजे गोल, गुळगुळीत आणि दाबलं की नळीच्या आकाराचं होणारं. घशात बसलं की बुचासारखं बसतं, हवेला फट ठेवत नाही. म्हणून लहान पोराला उभे चार काप करूनच द्यायचं, आडवे करूनही चालत नाही. एवढं सगळं मी सासऱ्यांना समजावलं आणि सुरी घेऊन बसलो. ते बराच वेळ बघत राहिले.

"जावईबापू," शेवटी म्हणाले, "ऑक्टोबरात छाटणी झाल्यापासून आम्ही एकच देव पुजतो. मणी फुगू दे. डिपिंग करतो, म्हणजे घड औषधात बुडवतो, विरळणी करतो, रात्रीची झोप घालवतो, अठरा एमएमच्या वर जावा म्हणून. आणि तुम्ही त्याचे चार करता?"

घरात मणी मोजायची पट्टी होतीच, वेगवेगळ्या भोकांची. त्यांनी माझं गेज हातात घेतलं, पट्टीशेजारी ठेवलं, आणि आम्ही दोघं थोडा वेळ व्यावसायिक आदरानं एकमेकांकडं बघत बसलो. मग त्यांनीही एक सुरी आणली.

नटाचा प्रश्न तसाच होता. हिसकावून घेणं हा मार्ग आम्ही एकदा करून पाहिला. मागं धावलं की ती ऐवज वाचवायला तोंडात टाकते, म्हणजे जे टाळायला धावायचं तेच पदरात पडतं. त्यामुळं अदलाबदल. हात पुढं करायचा आणि काहीतरी जास्त भारी द्यायचं. आयएसआय मार्कवाल्या प्लॅस्टिकच्या रिंगा आणल्या. 2021 पासून खेळण्याला हा मार्क सक्तीचा आहे, मी पावतीसकट तपासून आणल्या. तिनं एकेक रिंग शांतपणे सोफ्याखाली टाकली. नंतर माझ्यातल्या इंजिनिअरनं विचार केला, वस्तू तीच ठेवायची, साइज वाढवायची. छत्तीसचा नट आणला. पंचावन्नचा पाना लागतो, गेजच्या तोंडावरच अडतो, पास. फक्त वजन पाव किलोच्या वर. तिनं तो प्रेमानं दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर सोडला. टुण्ण झालं नाही. दुसरा आवाज झाला, तो माझा होता.

मग मामांनी नायलॉनचा मोठा नट करून दिला, आटे पाडून, कडा घासून. पांढराशुभ्र. तिनं हुंगला आणि परत दिला. माझ्या नोकरीत माझा माल इतक्या सभ्यपणे कुणी रिजेक्ट केला नव्हता.

रात्री बायकोनं मोबाइलवरून वाचून दाखवलं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ होते, ते मानसोपचारही करायचे. त्यांनी 1951 साली मांडलं की आईपासून सुटं व्हायला शिकताना मूल अशी एखादी वस्तू धरतं. ती मळकी, वासाची असते आणि शहाणी आई ती धूत नाही, कारण धुतली की मुलासाठी ती तीच राहत नाही. "अहो, मुलांना पांघरुणाचा कोपरा लागतो, कापडी ससा लागतो," बायको म्हणाली. "आपलीला तेलकट नट. घ्या अजून घर एमआयडीसीजवळ."

शेवटी आई म्हणाली, "भांडीबाजारात घेऊन चल तिला. तिचं तिला निवडू दे."

रविवार कारंजावर गाडी लावली, गर्दीतून चालत गेलो. नाशिकच्या पितळेच्या दुकानात शिरलं की आपण सगळेच सोळा महिन्यांचे होतो. तांबे, गडवे, समया, कळश्या. मला वाटलं होतं, एखादं फुलपात्र, फार तर वाटी. कन्येला आईनं खाली सोडलं. ती सरळ कोपऱ्यातल्या एका जुन्या, काळवंडलेल्या घंघाळापाशी गेली, त्याची कडी दोन्ही हातांनी उचलली आणि सोडली.

टण्ण!

मुठीतला नट कधी गळून पडला तिलाही कळलं नाही. मी तो पायाखाली दाबून धरला. ती कडीत हात घालून बसली ती उठेना.

"नुसती कडी मिळेल का हो?" मी विचारलं.

दुकानदारांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, घंघाळ किलोवर आहे. कडीबरोबर घंघाळ येतं."

सव्वासात किलो भरलं. गेज काढायची गरजच पडली नाही. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी एवढंच कळवलं की जुनं पितळ आहे, चाटू देऊ नका. ती चाटत नाही, तिला फक्त आवाज हवा असतो. तो पहाटे साडेपाचलाही हवा असतो. दिंडोरीला जाताना घंघाळ मागच्या सीटवर बेल्ट लावून बसतं आणि मी नटाची आठवण काढतो. तो खिशात मावायचा.

आता राहिली आई. काळं पितळ घरात ठेवणं तिच्या लेखी उघड्यावर अब्रू टाकण्यासारखं आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी ती चिंच भिजवून तयार. आम्ही दोघं आडवे आलो, विनिकॉटही सांगून पाहिला. "त्याच्या घरी पाहुणे येत नसतील," आई म्हणाली. दुपारी कन्या झोपल्यावर तिनं घंघाळ अंगणात ओढलं. तासाभरानं बाहेर गेलो तर ऊन परतवत होतं, सोन्यासारखं. माझ्या पोटात गोळा आला. वाकून बघितलं. दोन कड्यांपैकी एक लखलखीत होती. दुसरीला चिंचेचा हातही लागला नव्हता.

येणारे जाणारे हटकून विचारतात, "एवढं छान घासलंय, ही एकच कडी काळी कशी?"

"ती सुनेकडं होती," आई सांगते.