सुंभ, पीळ आणि गंज

मोटारीच्या शॉकअपवरून, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळीवरून, स्प्रिंग काढायच्या कामाला दुरुस्तीच्या पुस्तकात एकच ओळ मिळते: स्प्रिंग दाबून धरा, वरचा नट काढा, स्प्रिंग बाजूला करा. ही ओळ लिहिणाऱ्याच्या टेबलावर नवाकोरा शॉकअप होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चिखलपाण्यात दहा-बारा वर्षं काढलेल्या शॉकअपच्या बाबतीत पहिल्या दोन सूचनांना सकाळ लागते आणि 'बाजूला करा' या दोन शब्दांत उरलेला रविवार जातो.

यात स्प्रिंगचा दोष फारसा नाही. तिचं खालचं टोक शॉकअपला वेल्ड केलेल्या वाटीत बसतं. वाटीला पाणी जायला भोक असतं, ते चिखलाने बुजतं, आणि मग स्प्रिंग कायमची पाय भिजवत बसते. गंज जेवढं लोखंड खातो त्याच्या दुपटीहून जास्त जागा स्वतः अडवतो. म्हणजे पोटभाडेकरूच तो. वाटी, रबर आणि स्प्रिंग यांच्यामधल्या फटीत शिरतो, फुगतो आणि तिघांना एकजीव करून टाकतो.

आता खरी गोम. स्प्रिंग नीट दाबली गेली का, हे ओळखायची सर्वमान्य खूण म्हणजे ती वाटीत हाताने फिरली पाहिजे. इथे ती फिरत नाही. का फिरत नाही, ताणामुळे की गंजामुळे? दोघांचा चेहरा सारखाच. ताण समजून आणखी दाबत बसलात तर कॉम्प्रेसरचे, म्हणजे वेढ्यांना आकडे अडकवून स्प्रिंग दाबणाऱ्या हत्याराचे, आटे रडू लागतात. गंज समजून नट काढलात तर... हिशेबच करू. स्प्रिंग दर मिलिमीटरला 25 न्यूटनची धरा आणि 200 मिलिमीटर दाबलेली. जोर झाला 5,000 न्यूटन, म्हणजे सुमारे 500 किलोचं ओझं. साठलेली ऊर्जा 500 ज्यूल. पन्नास किलोचं पोतं एक मीटरवरून अंगावर यावं, तेवढी. 'दबा धरून बसणे' हा वाक्प्रचार कुणीतरी स्प्रिंगकडे बघूनच काढला असावा.

म्हणून खालच्या वाटीला काही विचारूच नये, ती खोटी साक्ष देते. वर बघायचं. वरच्या बैठकीत आणि स्प्रिंगच्या टोकात पाच-सात मिलिमीटरची स्वच्छ फट दिसली आणि वरचं माउंटिंग, म्हणजे शॉकअप गाडीला जोडणारा वरचा भाग, हाताने डुगडुगलं, की ताण गेला. वरचं टोकही गंजाने चिकटलं असेल तर बैठकीच्या कडेवर हलके ठोके द्यायचे आणि फट उघडेपर्यंत नटाकडे ढुंकूनही बघायचं नाही.

तेलाचा फवारा आदल्या रात्रीच मारून ठेवावा, पण नेम धरून: नटावर, शॉकअपमधून वर येणाऱ्या दांड्याच्या आट्यांवर आणि वाटीच्या कडेला. अख्ख्या शॉकअपला अभ्यंगस्नान घालणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळतं की कॉम्प्रेसरचे आकडेही त्याच तेलावरून घसरतात. आकडे जिथे बसणार तिथे तारेच्या ब्रशने गंजाचे पापुद्रे काढायचे आणि जागा कोरडी ठेवायची. ठोकायची वेळ आली तर वाटी ठोका, स्प्रिंग नको. ती पुन्हा वापरायची असेल तर हातोडीची एक खोक पुढे तडा जायला पुरते.

कॉम्प्रेसरचे दोन्ही दांडे बरोब्बर समोरासमोर लावायचे, शक्य तितके वेढे आकड्यांत घ्यायचे आणि खिट्ट्या असतील तर त्या बसवायच्या. आट्यांना ग्रीस. मग इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. एकाच बाजूला जोर लावला की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडे वेढ्यावरून सरकू लागतात. हे हातानेच करायचं. इम्पॅक्ट गनने आटे तापून सोलतात आणि ते नेमके स्प्रिंग पूर्ण दाबलेली असताना दगा देतात. तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत नको. तिला बघायचं तर बाजूने बघावं, समोरून नाही.

उष्णता देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण सुंभापुरतीच खरी आहे. स्प्रिंगच्या पोलादाला गॅसची ज्योत लावली की पाणी उतरतं आणि पीळ जातो, कायमचा. आणि शॉकअपच्या नळीत तेल असतं, बहुतेक वेळा दाबाखालचा वायूही. तिला तापवणं म्हणजे फटाका हातात धरून वात शोधणं. दाबलेल्या स्प्रिंगवर ग्राइंडर चालवणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.

वरचा नट फिरवला की त्याच्यासोबत दांडाही फिरतो. दांड्याच्या टोकाला ॲलन कीचं षट्कोनी भोक असतं खरं, पण गंजाने ते गोल झालेलं असतं. ताण गेल्याची खात्री असेल आणि शॉकअप भंगारातच जाणार असेल, तर माउंटिंगखालचा उघडा दांडा खुशाल पाइप पान्याने पकडा. तोच शॉकअप परत लावायचा असेल तर मात्र नको. दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागावर ओरखडा उठला की तो वर-खाली होताना सील फाडतो आणि तेल गळू लागतं.

नट निघाला, माउंटिंग उचललं, आणि स्प्रिंग खालच्या वाटीत तशीच ठाण मांडून. इथे अनेकजण दाबलेल्या स्प्रिंगशीच झटापट सुरू करतात. माझ्या मते अख्ख्या कामातला मोठ्यात मोठा वेडेपणा हाच. वर आता अडवायला काहीच नाही, तेव्हा कॉम्प्रेसर लावला तसाच आळीपाळीने सैल करा, स्प्रिंगला पूर्ण लांबी घेऊ द्या आणि आकडे काढून टाका. ताण संपला; उरलं ते निव्वळ लोखंडाला चिकटलेलं लोखंड. आता रागावायला मुभा आहे.

रबर आणि वाटीच्या मधून बोथट छिन्नी घालून गोल फिरायचं, वाटीला खालून ठोकायचं. मग स्प्रिंग घट्ट धरून शॉकअपच पिळायचा, त्याच्या ब्रॅकेटला चांगली पकड मिळते. दिशा मात्र बघून घ्या. वाटीत एक पायरी असते आणि स्प्रिंगचं टोक तिला टेकलेलं असतं. टोक पायरीपासून लांब जाईल असंच फिरवायचं. उलट फिरवलंत तर तुम्ही भिंतीशी कुस्ती खेळताय. सुटताना 'टक' असा अगदी किरकोळ आवाज येतो. एवढ्या घामानंतर निदान धडाम तरी व्हायला हवं होतं, असं वाटून जातं.

नवा शॉकअप जोडताना तेच टोक तशाच पायरीला टेकलं पाहिजे आणि नट नवा हवा. घाई नको, कारण हे झालं डाव्या चाकाचं. शॉकअप जोडीने बदलतात.