पाऊण एचपी

गल्लीत मला आता ‘पाऊण एचपी’ म्हणतात. गल्लीचं सोडा. काल गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावला, तर शेजारचा कधीही न बघितलेला माणूस मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, “पाऊण एचपी तुम्हीच न्हवं?” निम्मं दूध नाकात गेलं.

झालं होतं ते एवढंच. घरचा कॉम्प्युटर भर दुपारी, ऐन कामात, फट्‌दिशी बंद पडायचा. पुण्याहून भाच्यानं फोनवर निदान केलं: प्रोसेसर 95 अंशांपर्यंत तापतोय, त्याला नवा कूलर लागेल, आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर फुकटात आलेला आहे, तो काढून टाक. “मामा, सोपं आहे. चार तर स्क्रू असतात.” ज्यांना सगळं सोपं असतं ते लोक नेमके पुण्यात राहतात.

जिन्यात खालचे आण्णा भेटले. उभी हयात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करण्यात गेलेली. “राजारामपुरीला निघालाईस? थांब, मी बी येतो.” कशाला, असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

दुकानात गर्दी होती. मी आठवडाभर पाठ केलेलं वाक्य दबक्या आवाजात म्हटलं, “साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस, 80 प्लसवाला.” दुकानदारानं खोकं काउंटरवर ठेवलं. ते मी उचलायच्या आत आण्णांनी उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला सुरुवात केली.

“साडेपाचशे वॅट?” आण्णांचा आवाज रिवाइंडिंगच्या शेडमध्ये घडलेला आहे, त्याला हळू बोलणं माहीत नाही. “एक एचपी म्हंजे सातशे शेहेचाळीस वॅट. म्हंजे ही झाली पाऊण एचपी!”

गर्दी वळली.

“आपल्या बिल्डिंगची मोटर किती एचपीची हाय?”

“माहीत नाही, आण्णा.”

“अर्धा! अर्ध्या एचपीवर ती तीन मजले पाणी चढवती. तू पाऊण एचपीवर काय चढवणार?”

“ऑफिसचं काम,” मी म्हणालो.

प्रिंटरची शाई भरून घ्यायला आलेला एक पोरगा तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. मी समजावलं, की 550 ही त्याची ताकद आहे, खर्च नव्हे. कॉम्प्युटरला लागेल तेवढीच वीज तो ओढतो. माझा एरवी शंभर-दीडशे वॅटच्या पुढे जात नसेल.

“मग दीडशेचाच घे की!”

“पुढेमागे ग्राफिक्स कार्ड बसवायचं झालं तर…”

“गेम खेळतोस व्हय? ह्या वयात?”

कोल्हापुरात माणूस एकटा काही विकत घेऊच शकत नाही. मागे चप्पल लाइनला गेलो होतो. माप बरोबर, कातडं झकास, पैसे हातात काढलेले. तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका परक्या गृहस्थानं निकाल दिला, “चपलेत काय बी खोट न्हाई. पावणं, तुमचा पाय आत वळलाय.” दुकानदारानं मान डोलावली. तेव्हापासून मी चालताना पायाकडे बघतो. याला लोक आपुलकी म्हणतात. म्हणोत.

तर आण्णा आता 80 प्लसवर आले होते. “हे काय?”

“म्हणजे घेतलेल्या विजेतली 80 टक्के तरी कामाला येते. उरलेली उष्णता होऊन जाते.”

“म्हंजे शंभरातली वीस हा खातोय,” आण्णा गर्दीकडे वळले, “आन वर खोक्यावर छापून सांगतोय!”

लोक हसले त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढचं. दुकानदारानं माझ्याकडे न बघता विचारलं, “आण्णा, मग चारशेचा दाखवू काय?” पैसे माझे, कॉम्प्युटर माझा, तापलेला प्रोसेसर माझा, आणि प्रश्न आण्णांना! मी जरा चढ्या आवाजात “साडेपाचशेच” म्हटलं. मागून कुणीतरी म्हणालं, “द्या की वो, पाऊण एचपी द्या त्यांना.” बारसं झालं ते तिथं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. चारशे, साडेचारशे हे आकडे तसेही कुणी तपासतं का? माझ्या जुन्या डब्यावर ठसठशीत 450 वॅट छापलंय. खाली बारीक अक्षरात 12 व्होल्टच्या रकान्यात 15 अँपिअर. बारा गुणिले पंधरा, 180 वॅट. आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड ही खादाड मंडळी जेवतात याच 12 व्होल्टवर. बाकीचे वॅट बहुधा स्टिकरच्या डिंकात असावेत. असला डबा ‘कॅबिनेटबरोबर फ्री’ म्हणून गळ्यात मारणाऱ्याला कुणी एचपीत हिशेब विचारत नाही. आणि बिल? नव्या एसएमपीएसला पाच वर्षांची वॉरंटी, नि हातात चिठ्ठी: ‘एसएमपीएस 1, फॅन 1’. ना मॉडेल, ना सीरियल नंबर. पक्कं बिल मागितलं तर दुकानदार आण्णांकडे बघून हसला, जणू मी त्याची सही असलेला फोटो मागितला.

घरी आण्णा पेचकस घेऊनच आले. त्यांना जुना एसएमपीएस खोलून ‘वायंडिंग बघायचं’ होतं. मी अक्षरशः त्यावर आडवा पडलो. घरातली 230 व्होल्टची वीज आत सरळ झाली की कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ दबा धरून बसू शकते. आण्णा म्हणाले, “चारशे चाळीस खाऊन बसलोय मी,” पण पेचकस खिशात गेला.

मग कूलर. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट मटारच्या दाण्याएवढी लावायची. दोन धातूंमधल्या बारीक फटी भरल्या की तिचं काम संपलं. आण्णांना ती कंजुषी बघवेना. “बेअरिंगला ग्रीस भरताना हात आखडायचा नसतो.” मी ट्यूब मुठीत धरून बाकीचे स्क्रू एका हातानं पिळले. आठ पिनांची प्रोसेसरची वायर बोर्डाच्या अशा कोपऱ्यात जाते, की ती जागा ठरवणाऱ्याला बोटंच नसावीत.

चालू झाला. तापमान 60च्या पुढे जाईना. शाबासकी म्हणून आण्णांनी जुना डबा मागितला. त्याच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये त्यांनी हिरव्या नि काळ्या वायरीच्या जागी कागदाची पिन वाकवून खोचली, बटण दाबलं, आणि डब्याचा पंखा फिरू लागला. बरोबर होतं ते. कॉम्प्युटरविना एसएमपीएस असाच चालू करतात. मला ते वाचून समजलं होतं, करायची छाती नव्हती. “बारा व्होल्ट मिळत्यात न्हवं?” एवढंच बोलून ते डबा घेऊन गेले.

आता त्यांच्या गॅलरीत, पिवळ्या-काळ्या वायरींवर, भंगारातल्या मोटारीचा टेप वाजतो. पहाटे साडेपाचला, सनई. शेवटी खाली जाऊन बोललोच, जरा तोंड वाकडं करून.

“तुझाच डबा हाय की,” आण्णा म्हणाले आणि आवाज वाढवला. “तुला फुकट ऐकायचा हक्क हाय.”