मूळ प्रत कुठे आहे?

मृत्युपत्रावरच्या तुमच्या लेखात सगळा भर ‘मृत्युपत्र वेळेत करा’ यावर आहे. करावंच, पण रीतसर केलेलं मृत्युपत्रही प्रोबेटला, म्हणजे कोर्टाकडून ते खरं ठरवून घेताना, अडकतं, त्यावर चार ओळी हव्या होत्या. कोर्ट मूळ प्रत मागतं. ती शेवटपर्यंत करणाऱ्याच्याच ताब्यात होती आणि आता सापडत नाही म्हटलं, की त्यानेच ती फाडून रद्द केली असावी असं इंग्लिश वळणाच्या कायद्यांत गृहीत धरलं जातं. मग झेरॉक्स घेऊन आलेल्याने उलट सिद्ध करत बसायचं. (कपाटाची किल्ली कुणाकडे हेही घरात ठाऊक नसतं!)

दुसरी गोम साक्षीदारांची. ज्याला काही मिळणार आहे त्याचीच किंवा त्याच्या बायकोची सही घेतली, तर मृत्युपत्र टिकतं, पण बऱ्याच देशांत त्याचा वाटा बाद होतो. ‘घरचीच तर माणसं’ म्हणून नेमकं हेच केलं जातं. ‘उरलेली सर्व मालमत्ता अमक्याला’ हे वाक्य लिहायचं राहिलं, तर नंतर उघडलेलं खातं मृत्युपत्राबाहेर पडून वारसा कायद्याने वाटलं जातं. आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, म्हणून आपल्याच वयाचा एकच मित्र कशाला? तो आधी गेला तर? पर्यायी नावाला शाई फारशी लागत नाही.